गरम गरम कोणाच्या ताटात? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिस्टरांचे कॉलेजचे मित्र फॅमिलीसकट आमच्याकडे जमतात, आठ-दहा जण तरी होतात. सगळ्यांना घरचंच जेवण हवं असतं. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत उभी आणि बाहेर हॉलमध्ये हसणं-खिदळणं चालू, मी ताट घेऊन बसेपर्यंत त्यांचं आइसक्रीम पण खाऊन झालेलं असतं. बाहेरून मागवलं तर सासूबाईंना आवडत नाही. काय करू? (मुलुंड)

ताई, तुमचं पत्र वाचून आधी एकच वाटलं, की ज्या बाईने सगळं केलं तिलाच गरम घास मिळत नाही हे बरोबर नाही आणि ते बदलता येतं, त्यासाठी मेन्यू बदलायला लागेल एवढंच. दहा माणसांच्या गरम पोळ्या हा एका माणसाचा तासाभराचा उभा राहून करायचा उद्योग आहे, तो त्या दिवसापुरता घरातून काढूनच टाका.

मसालेभात करा. पाऊण किलो कोलम तांदूळ दहा जणांना पुरतो, बरोबर बाकीचं असतंच. सकाळीच तांदूळ धुऊन निथळत ठेवायचा, तोंडली उभी चिरून, फ्लॉवर-मटार काढून, गोडा मसाला, काजू, खोबरं-कोथिंबीर सगळं वाट्यांमध्ये तयार ठेवायचं. पाहुणे आले, पाणी-सरबत झालं की मोठ्या पातेल्यात फोडणी घालायची, भाज्या आणि तांदूळ परतायचे, दुप्पट उकळतं पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवून मंद गॅसवर सोडून द्यायचं. वीस-पंचवीस मिनिटं तिकडे बघायची गरज नाही, तुम्ही बाहेर जाऊन बसा. बरोबर टोमॅटोचं सार आणि काकडीची कोशिंबीर, पण कोशिंबिरीत मीठ आणि दही आयत्या वेळी घाला नाहीतर पाणी सुटतं. मठ्ठा आदल्या रात्री नको, सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवा, ताकात आलं-मिरची ठेचून, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ आणि चिमूटभर साखर. पापड आधीच भाजून डब्यात. जिलबी बाहेरून आणा, ती घरी करायची काही गरज नाही, मसालेभात-मठ्ठा-जिलबी म्हटलं की तुमच्या सासूबाईंनाही लग्नाची पंगत आठवेल.

दुसरा पर्याय मिसळ. दहा जणांना अर्धा किलो मटकी, दोन दिवस आधी भिजवून मोड आणायचे, उसळ आदल्या दिवशी केली तर ती मुरून जास्तच छान लागते. कट मात्र वेगळा ठेवा म्हणजे ज्याचं त्याचं तिखट ज्याच्या त्याच्या हातात, लहान मुलं पण खातात. पाव, फरसाण, कांदा, लिंबू टेबलावर मांडून ठेवा, ज्याने त्याने वाढून घ्यायचं.

आणि पोळ्या हव्याच असतील तर मुंबईत प्रत्येक गल्लीत पोळीभाजी केंद्र आहे, तिथे आदल्या दिवशी सांगून ठेवा, घरी आणून सुती कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या की मऊ राहतात. सासूबाईंचा राग बहुतेक वेळा बाहेरच्या तेलाचा आणि खर्चाचा असतो, पोळ्यांवर तो तेवढा नसतो. त्यांना कोशिंबिरीची फोडणी किंवा सार त्यांच्या हातचं करायला सांगा, त्यांची चव सगळ्यांनी नावाजली की त्यांनाही बरं वाटेल.

राहिले मिस्टर. मित्र त्यांचे आहेत. ताटं मांडणं, पाणी भरणं, वाढणं आणि शेवटी भांडी सिंकमध्ये नेऊन ठेवणं हे त्यांचं काम, आणि ते तुम्ही पाहुणे येण्याआधी सांगा, सगळ्यांच्या समोर नको. पहिलं ताट वाढलं जाईल तेव्हा तुमचं ताट पण त्याच रांगेत असलं पाहिजे. 

प्रश्न : मी २४ वर्षांचा, मूळ मालवणचा, अंधेरीला रूमवर राहतो. रविवारी रूममेटसाठी बोंबील फ्राय आणि सोलकढी करायला जातो, बोंबील तव्यावर मऊ पडून तुटतात आणि सोलकढी फुटते. आईला फोनवर विचारलं तर म्हणते अंदाजाने कर. (अंधेरी)

अरे, आईचा अंदाज वर्षानुवर्षं करून आलेला असतो, तो फोनवर कसा सांगणार. बोंबलात बहुतेक पाणीच असतं, ते काढल्याशिवाय तो कुरकुरीत होणारच नाही. बाजारात कोळणीला सांगायचं, "मावशी, फ्रायसाठी चिरून द्या", म्हणजे ती डोकं-पर काढून पोटाकडून उघडून देते, मधला काटा पण काढून घे. घरी आणून धुवायचे, मीठ लावायचं, जुन्या स्वच्छ सुती कपड्यावर एका रांगेत पसरायचे, वरून तोच कपडा दुमडायचा आणि त्यावर पोळपाट ठेवून वर वरवंटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं ठेवायचं. अर्धा-पाऊण तास. कपडा ओलाचिंब होतो आणि बोंबील चपटे, जरा चिवट होतात, हाताने उचलले तरी लोंबत नाहीत, तेव्हा समजायचं झालं. मग आलं-लसूण-मिरचीचं घट्ट वाटण, हळद, मालवणी मसाला, कोकमाचं आगळ अगदी थोडं. रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून गरम तव्यावर सोडायचे, एका वेळी चारपेक्षा जास्त नको, झाकण तर अजिबात ठेवायचं नाही कारण वाफ धरली की परत मऊ. एक बाजू पूर्ण लाल झाल्यावरच उलटायचे, सारखं उलथनं लावलं की तुटणारच.

सोलकढी फुटते कारण तू कोमट नारळाच्या दुधात आंबट आगळ ओततोस किंवा नंतर गरम करतोस. खोबरं कोमट पाण्यात वाटून दूध काढलंस की ते आधी पूर्ण गार होऊ दे. आमसुलं वापरणार असशील तर अर्धा तास पाण्यात भिजवून चोळून घे, तेही पाणी गार हवं. मग दुधात थोडं थोडं घालत ढवळायचं, लसूण-मिरची ठेचून, कोथिंबीर. आगळात मीठ असतं, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. गॅसवर ठेवायचीच नाही. आणि केलेली त्याच दिवशी संपवायची.

एक अजून, १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, माशांचा विणीचा काळ असतो तो. तेव्हा बाजारात येतं ते छोट्या बिगरयांत्रिक होड्यांचं, खाडीचं, बाहेरून आलेलं किंवा बर्फातलं. त्या दोन महिन्यांत सुके बोंबील, सोडे, जवळा कर, भाकरीबरोबर रूममेट बोटं चाटतील. आणि फ्राय करशील तेव्हा तव्याजवळ एकटा राहू नकोस, आळीपाळीने तळा, तुला पण तव्यावरचा खायला मिळू दे.

प्रश्न : आई-बाबा रत्नागिरीहून श्रावणात येतायत. बाबांचे गुडघे दुखतात, आईचे उपास असतात. आम्ही दादरला राहतो. त्यांना बाहेर जेवायला न्यायचंय पण मुलांना पिझ्झाच हवा असतो आणि आई म्हणते कशाला पैसे घालवता, मी घरीच करते. (दादर)

आईने "मी करते" म्हटलं तरी ऐकू नका. तिकडे पण तीच करते, इकडे येऊन पण तीच करणार, मग तिची सुट्टी कधी? तुम्ही दादरला राहता म्हणजे अर्धं काम झालंच आहे. उपासाच्या दिवशी दादरच्याच प्रकाश हॉटेलमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष, श्रीखंड-ताकाचं ते जायफळ घातलेलं पीयूष आईला नक्की आवडेल, आणि साबुदाणा वडा घरी करायचा म्हणजे किती व्याप असतो ते तिलाच माहिती. शिवसेना भवनासमोर आस्वाद आहे, तिथे थालीपीठ, मिसळ, बाबांना जे हवं ते. स्टेशनजवळ मामा काणे, १९१० पासूनचं, बटाटेवडा खायला. या सगळ्या ठिकाणी शनिवार-रविवारी भयंकर रांग लागते आणि गुडघेदुखीच्या माणसाला रांगेत उभं करणं वाईट, म्हणून आठवड्यातल्या मधल्या दिवशी चार-साडेचारला जा. टेबल शेअर करायला लागू शकतं, ते आधी सांगून ठेवा.

उपास नसेल त्या दिवशी मात्र माटुंग्याला न्या. आईने आयुष्यभर घावन-आंबोळ्या घातल्या असतील, तिला कोणीतरी दुसऱ्याने घातलेला कुरकुरीत डोसा समोर गरम येऊ दे. कॅफे मद्रास १९४० पासून आहे, सोमवारी बंद असतं, सकाळी लवकर गेलात तर जागा मिळते. केळीच्या पानावरचं जेवण हवं तर माटुंगा स्टेशनसमोर रामा नायकांचं उडुपी, १९४२ चं, पण ते पहिल्या मजल्यावर आहे, बाबांना जिना झेपेल का ते आधी बघा, नाहीतर तिथे जाऊन परत यायला लागेल.

पिझ्झाचा दिवस वेगळा ठेवा. आजी-आजोबा आठवडाभर असतील, मुलांना तेवढं समजावता येतं, आणि खरं सांगू, त्या गर्दीच्या टेबलावर आजोबांच्या बशीतला वडा मुलंच आधी संपवतात. बिलाचं आईच्या समोर बोलू नका, तिला आकडा कळला की पुढच्या वेळी ती येणारच नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये मी पीत नाही आणि व्हेज खाते. दर वेळी बिल समान वाटून घेतात. बोललं तर कंजूस वाटते. शिवाय बिलात सर्व्हिस चार्ज लावतात तो द्यायलाच लागतो का? (लोअर परळ)

बिल आल्यावर बोललं की ते कंजूस वाटतं, ऑर्डर द्यायच्या आधी बोललं की नाही वाटत. बसल्या बसल्या वेटरला सांगा, "ड्रिंक्सचं बिल वेगळं करा". त्याला ते नवीन नाही, दारूवर जीएसटी लागत नाही, व्हॅट लागतो, म्हणून तो भाग बिलावर वेगळाच छापून येतो. जेवणाचं समान वाटायला मग काही हरकत नाही, पन्नास-शंभर रुपयांचा हिशोब मित्रांमध्ये करू नये असं माझं मत आहे, पण दर वेळी दुसऱ्यांच्या दारूचे पैसे भरणं ही मैत्री नाही.

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं की हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवलं. मॅनेजरला शांतपणे "हा काढून द्या" म्हणा, बहुतेक जण काढतात, ऐकलं नाहीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जीएसटी मात्र भरावाच लागतो, साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के. आणि चार्ज काढलात तर वेटरला टीप हातात द्या, तो पण सगळ्यांची जेवणं झाल्यावरच जेवतो.

प्रश्न : उरलेला भात मी रात्रभर ओट्यावरच ठेवते, सकाळी फोडणीचा भात करते. आमच्याकडे कायम असंच होतं. मुलगी म्हणते फ्रिजमध्ये ठेव. (विक्रोळी)

मुलीचं ऐका. भातात एक जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवल्यावर पण मरत नाहीत, आणि मुंबईच्या उकाड्यात भात रात्रभर बाहेर राहिला की ते वाढतात, त्यांचं विष सकाळी परतलं तरी जात नाही. उलट्या-जुलाब होतात आणि आपण नाव दुसऱ्याच पदार्थाचं घेतो. रात्री जेवणं झाली की भात ताटात पसरून गार करा, तासा-दोन तासांच्या आत डब्यात भरून फ्रिजमध्ये. फोडणीलाही तोच चांगला, दाणा मोकळा सुटतो. शेंगदाणे आधी परता, मग कांदा, मिरची, कढीपत्ता, हळद, भात हाताने मोकळा करून घाला आणि चांगली वाफ येईपर्यंत परता. एकदा गरम केलेला परत ठेवू नका, आणि दुसऱ्या दिवशीच संपवा.