एचओ स्केलच्या रेल्वे मांडणीत डोंगर आणि बोगदा खरा वाटावा यासाठी काय करावे?

एचओ म्हणजे 1:87 प्रमाणाच्या, खऱ्याच्या 87व्या भागाइतक्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीत बोगद्याचा डोंगर कसा उभारावा, असे आपण विचारले आहे. रुळांवर टोपली पालथी घातल्यासारखा डोंगर दिसला की सगळे फसते. म्हणून रुळांना वळसा घालून जाणे शक्यच नव्हते असे वाटावे, इतकी त्याची सोंड दोन्ही बाजूंना पसरू द्यावी. मी कर्जत–लोणावळा दरम्यानचा बोरघाट नमुन्यादाखल घेतला आहे.

1863 मध्ये खुल्या झालेल्या या घाटाचा तीव्र चढ 37 ला 1, म्हणजे सुमारे 2.7 टक्के आहे आणि गाडी फार लांब नसेल तर मॉडेलच्या लहान इंजिनालाही तो झेपतो. मात्र 10 सेंटीमीटर उंची गाठायला 3.7 मीटर लांबी लागते, तेव्हा आधी खोली मोजावी.

बोगद्याची रुंदी सरळ रुळावरून ठरवू नये. एलएचबी या प्रकारचा लांब प्रवासी डबा सुमारे 23.5 मीटर लांब, म्हणजे आपल्या प्रमाणात 27 सेंटीमीटर होतो. वळणावर त्याची टोके बाहेरच्या बाजूला आणि मधला भाग आतल्या बाजूला सरकतो. म्हणून भिंती उभारण्यापूर्वी तोच डबा हाताने ढकलत, टोकाला आणि मध्यावर पेन्सिल धरून, खालच्या कागदावर दोन्ही रेषा उमटवून घ्याव्यात. आत सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे भाग) ठेवू नयेत, आणि डोंगराची मागची बाजू हात जाईल इतकी उघडी ठेवावी, कारण रूळ पुसावे लागतात आणि डबे नेमके आतच घसरतात. भिंतीचे दगडी अस्तर तोंडापासून वीतभर पुरे; पुढे काळा रंग लावला की भागते.

थर्माकोलची पाने एकावर एक रचली की पायऱ्या दिसतात आणि त्या लपवाव्यात, असा सल्ला सर्रास मिळतो. सह्याद्रीसाठी तो मला पटत नाही, कारण इथला बेसॉल्ट लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे आणि कड्यांच्या पायऱ्या खऱ्याच आहेत. फक्त पानांची जाडी कमीजास्त ठेवावी, कडा सुरीने तोडाव्यात आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर द्यावा. चिकटवण्यासाठी फेव्हिकॉलच वापरावा. द्रावकयुक्त रबरी गोंदाने थर्माकोल विरघळतो. प्लास्टर वाळल्यावर काळसर तपकिरी रंगाचे पातळ पाणी भेगांत सोडावे आणि उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी रंग फिरवावा. हिरवळ लावण्याआधी ऋतू ठरवावा: जुलैचा घाट निवडल्यास कड्यांवर हिरवे पट्टे आणि धबधबे हवेत, मे महिन्याचा निवडल्यास वाळके गवत आणि उघडा खडक पुरतो, आणि नवशिक्याला हा दुसरा पर्याय बराच सोपा जातो.