नाशिक जिल्ह्यातल्या तालुका कोर्टातली ३० वर्षांपूर्वीची घटस्फोट-पोटगीची फाईल कशी शोधायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा ना, की आईवडिलांचा घटस्फोट १९९५ च्या आसपास झाला, वडिलांचं गाव निफाड तालुक्यात, आईचं माहेर चांदवडकडे, आता वडील गेले आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला गेलात तर सावत्र भाऊ म्हणतात ही कोण? ऑनलाइन केस दिसत नाही, मग नाशिकच्या फॅमिली कोर्टात कागद मिळतील का, की माहितीचा अधिकार टाकू?

मी ह्याच रस्त्याने जाऊन आलेय. माझ्या आईची केसही आपल्याच जिल्ह्यातली, तालुक्याचं नाव मुद्दाम घेत नाही कारण तिथल्या लोकांशी अजून काम पडतं. सहा-सात महिने गेले आणि त्यातले निम्मे मी चुकीच्या दारात उभं राहण्यात घालवले.

पहिलं म्हणजे फॅमिली कोर्टाचं डोक्यातून काढा. फॅमिली कोर्टाचा कायदा १९८४ चा, आणि तो मुळात १० लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. खेड्यातल्या नवराबायकोच्या केसेस साध्या दिवाणी आणि फौजदारी कोर्टातच चालायच्या, आजही बऱ्याच तिथेच चालतात. घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे, आणि असं कोर्ट तेव्हा प्रत्येक तालुक्याला नव्हतं, म्हणून तो नाशिकला जिल्हा कोर्टातही असू शकतो. पोटगीचा अर्ज, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, तो मात्र तालुक्याच्या फौजदारी कोर्टात. आणि ४९८ अ ची, म्हणजे सासरच्या छळाची, तक्रार असेल तर ती तिसरीच फाईल. घरात सगळे नुसतं 'केस केली होती' म्हणतात, पण ती एक केस नसते, दोन किंवा तीन असतात, वेगवेगळ्या नंबरच्या आणि कधी वेगवेगळ्या गावी. मी नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा कोर्टाच्या मागेपुढे दोन दिवस फिरले आणि शेवटी कळलं की माझ्या हातातला नंबर पोटगीचा आहे, तो जिल्हा कोर्टात सापडणारच नव्हता.

आता तुमच्या केसमध्ये कुठे बघायचं. बायको जिथे राहते तिथेच घटस्फोटाचा अर्ज टाकायची सोय २००३ च्या दुरुस्तीने आली. त्याआधी लग्न जिथे लागलं तिथे, किंवा समोरची पार्टी जिथे राहते तिथे, किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले तिथे. म्हणजे १९९५ ला आई माहेरी चांदवडकडे असली तरी घटस्फोटाची फाईल निफाडच्या बाजूला असायची शक्यता जास्त, लग्न माहेरी लागलं असेल तर चांदवडची बाजूही बघा. पोटगीचं उलट आहे, तो अर्ज बाई राहते तिथेही चालायचा. आणि तालुक्याची हद्द आजची धरू नका, देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके नंतर वेगळे झालेत, म्हणजे तिकडच्या गावांची जुनी केस आधीच्या तालुक्याच्या कोर्टात निघते.

पण खरा घोळ नंबरचा असतो. नंबर आणि साल नसेल तर नुसतं नाव सांगितलंत तर रेकॉर्ड रूमवाला तुम्हाला हाकलणार, आणि त्याचंही खरं आहे, कापडात बांधलेले गठ्ठे वर्षाप्रमाणे आणि नंबरप्रमाणे लावलेले असतात, नावाने कोण शोधणार. म्हणून कोर्टात जायच्या आधी घर धुंडाळा. आईची पत्र्याची पेटी असेल, गादीखाली ठेवलेली पिशवी असेल, मामाकडचं कपाट असेल. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या अंतिम हुकमाची, एक प्रत दोन्ही पार्टींना फुकट द्यायची असा कायदाच आहे, त्यामुळे ती आईला मिळालेली असू शकते, बायका असले कागद टाकत नाहीत, फक्त कुठे ठेवले ते सांगत नाहीत. माझ्या आईकडे हुकूमनामा नव्हता पण मनीऑर्डरची कुपनं होती, सुतळीने बांधलेली, आणि एकावर संदेशाच्या जागेत वडिलांच्या अक्षरात नुसतं 'पोटगी माहे जून' आणि खाली एक नंबर. मी तो मनीऑर्डरचाच नंबर समजत होते. तो निघाला वसुलीच्या अर्जाचा, म्हणजे पोटगी थकली म्हणून आईने नंतर जो अर्ज केला त्याचा. ती वसुलीची फाईल सापडली आणि तिच्या पहिल्याच परिच्छेदात मूळ केसचा नंबर लिहिलेला होता. असे नंबर एकमेकांचे हात धरून येतात, म्हणून कुठलंही समन्स, नोटीस, पावती फेकू नका.

घरात काहीच नसेल तर वकील. वकील हयात नसले तरी त्यांचा कारकून शोधा. आमचे वकीलसाहेब जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगा इंजिनिअर, पण कारकून गावातच द्राक्षबाग करतो. मी गेले तेव्हा ऑक्टोबरची छाटणी चालू होती, हातात कात्री, माझ्याकडे बघितलंही नाही, पण आईचं नाव घेतल्यावर म्हणाला, 'हां, ती पोटगीवाली, तिच्यात कैफियत द्यायला तीन तारखा घेतल्या होत्या समोरच्याने.' कैफियत म्हणजे समोरच्याचं लेखी उत्तर. मग पोटमाळ्यावरून वकिलांच्या जुन्या डायऱ्या काढल्या, त्यात तारीखवार सगळ्या केसेस, नंबर, पुढची तारीख. ऑनलाइनपेक्षा हे बरं.

ऑनलाइन म्हणाल तर ई-कोर्टच्या साइटवर अलीकडच्या केसेस ठीक दिसतात, प्रत्येक केसला मिळणारा १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असला की झटकन. पक्षकाराच्या नावाने शोधायचं तर साल टाकावंच लागतं, आणि जुन्या निकाली केसेस भरलेल्या असतीलच असं नाही. शिवाय कागदावर तेव्हा बाईचं नाव 'सौ. अमुक भ्र. तमुक' असं लिहायचे, भ्र. म्हणजे भ्रतार, कोणी ते नावातच घुसडून टाइप केलंय, कोणी माहेरचं आडनाव लावलंय. तीन-चार तऱ्हेने स्पेलिंग करून बघा, निकाली केसचं बटण निवडायला विसरू नका, पण तिथे नाही म्हणजे केसच नाही असं समजू नका. २०२३ ला ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला ७२१० कोटी मंजूर झालेत, त्यात जुने रेकॉर्ड स्कॅन करायचंही आहे, तुमच्या गठ्ठ्याचा नंबर कधी लागेल त्याची वाट बघत बसू नका एवढंच.

माहिती अधिकाराचं माझं मत, टाकू नका, वेळ जातो. गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० ला सांगितलंय की कोर्टाच्या केसमधल्या कागदांच्या नकला कोर्टाच्या नियमानेच मागायच्या. त्यात नवराबायकोच्या केसेस बंद दाराआड चालतात, त्यातलं काही छापायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे तिऱ्हाईताला सहज देत नाहीत.

आणि इथेच मी मोठी चूक केली. अर्ज मी माझ्या सहीने केला. तर म्हणे तुम्ही पार्टी नाही. बरोबरच आहे, केस आईची. तुमची आई हयात असेल तर नकलेचा अर्ज तिच्या सहीने करा, आधार कार्ड जोडा, तिला चालवत नसेल तर वकिलामार्फत. आई नसेल तर तुमचं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला, आणि नक्कल कशासाठी हवी ते स्पष्ट लिहा, 'वारस नोंदीसाठी' एवढं पुरतं. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प, मग पानाप्रमाणे पैसे. माझे वकिलाशिवाय दोनशेच्या आत झाले, चहापाणी मागणारा एक भेटला होता, मी कोर्टाच्या ऑफिसातल्या नाझरसाहेबांना विचारू का म्हटलं तर म्हणाला राहू द्या ताई. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच आहे, १५१०० ला फोन केला तरी सांगतात.

नक्कल मागताना नुसता हुकूमनामा मागू नका. तुम्हाला घटस्फोट सिद्ध करायचाच नाहीये, तुम्हाला मुलगी आहात हे दाखवायचंय. आईवडिलांचा घटस्फोट झाल्याने मुलीचा वारसाहक्क जात नाही, तो आईचा जातो. म्हणून मूळ अर्ज, वडिलांची कैफियत आणि निकालपत्र तिन्हींच्या नकला मागा. आईच्या अर्जात 'सदर विवाहापासून एक मुलगी' असं वाक्य असतं आणि वडिलांनी कैफियतीत ते मान्य केलेलं असतं, तेच तुमचं हत्यार. आता वाईट बातमी, जुनी फाईल पूर्ण राहत नाही. निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त काळ ठेवतात, बाकीचे कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात. माझ्या वेळी कैफियत गेलेली होती. मला रडू यायचं बाकी होतं. पण निकालपत्राच्या दुसऱ्या पानावर न्यायाधीशांनी मराठीत लिहून ठेवलं होतं, 'मुलगी सामनेवाल्याचीच असल्याबाबत वाद नाही.' मंडल अधिकाऱ्याने ते वाक्य दोनदा वाचलं आणि फेरफारावरची हरकत फेटाळली.

एक राहिलं, तुमचं नसेल पण सुरगाणा, पेठ, कळवणकडचे कोणी वाचत असतील तर. आदिवासी समाजाला हिंदू विवाह कायदा लागूच नाही, तिथे पंचांपुढे काडीमोड होते आणि स्टॅम्प पेपरवर फारकत लिहितात. तिथे कोर्टात घटस्फोटाची फाईल बहुधा नसतेच, पंचांपैकी कोणाकडे तो कागद आहे ते बघावं लागतं.

मे महिन्यात जाऊ नका, दिवाणी कोर्टांना सुट्टी असते. दिवाळीलाही. दुसरा-चौथा शनिवार बंद. आणि नक्कल हातात पडली की खिडकीवरच उभं राहून गावाचं नाव, आईचं नाव, पानांचे नंबर तपासा, माझ्या पहिल्या नकलेत मधलं पान नव्हतं, नेमकं दुसरंच.