मामाच्या नावाची ओळ

‘ताई, बाबा मराठा, आई कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची सिंधी. नाना, म्हणजे आईचे वडील, लहानपणी शिकारपूरहून आले. माझं वय 26, स्थळं बघणं चालू आहे. आत्या म्हणते, बायोडाट्यात मामांचं नाव आणि आजोळ घालू नको, मुलगी पसंत पडली की मग सांगू. बाबा गप्प. आई म्हणते, तुझं भलं होत असेल तर नको घालू. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, चेटीचंडला म्हणजे सिंधी नववर्षाला, आई साखर-तांदूळ रुमालात बांधून पंचगंगेवर जाते आणि घरात सांगते, अंबाबाईला जाऊन येते. सिंध्यांवरच्या विनोदांना मीही हसते. तिकडं नानी मला “घाटी” म्हणते. मी नक्की कुणाची?’
– एक वाचक, कोल्हापूर

बाळ, नाव घाल. मामांचं नाव, गांधीनगर, आणि पुढं ‘मूळ शिकारपूर, सिंध’ हेसुद्धा.

आत्या वाईट नाही, घाबरली आहे. ‘त्यांच्यातली’ म्हटल्यावर किती स्थळं मागं फिरतात, हे तिनं पाहिलं असणार. पण आज लपवलेलं साखरपुड्याआधी सांगावंच लागेल, आणि तेव्हा त्याला फसवणूक म्हणतील. बोल लागेल तो तुझ्या आईला. नाव घातलंस तर फोन कमी येतील, हेही खरं. काही जण कारण न सांगता गप्प बसतील आणि ते तुला लागेल. लागू दे, पण एकटीनं सोसू नको, बाबांना सांग.

बाबांबद्दलच मला जास्त बोलायचंय. त्यांनी एकदा घरच्यांशी भांडून लग्न केलं आणि भांडण संपलं असं धरून चालले. आईचं मात्र रोज चालूच राहिलं. तुझ्या पत्रातलं ते रुमालाचं वाक्य मी तीनदा वाचलं. स्वतःच्या सणाला, स्वतःच्या घरातून, दुसऱ्या देवाचं नाव सांगून बाहेर पडायचं! बाबांना हे ठाऊक आहे का, विचार. असेल तर येत्या चेटीचंडला त्यांनी तिच्याबरोबर घाटावर जावं. दोघांनी सगळ्यांसमोर सांगून बाहेर पडावं. आत्याला शंभर वेळा समजावण्यापेक्षा याचा उपयोग होईल.

नानांचं गाव घाल म्हणते, त्याला कारण आहे. फाळणीत पंजाब आणि बंगालची वाटणी झाली, सिंध मात्र अख्खा पलीकडं गेला. तिथून आलेल्यांना या देशात स्वतःचं राज्य नाही. त्यांची भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली तीही 1967 साली. आपण बायोडाट्यात ‘मूळ गाव’ सहज लिहितो. त्यांच्यासाठी ते गाव म्हणजे सरहद्दीपलीकडचं एक नाव आहे.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्याची आठवण म्हणून वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. आपण ते अभिमानानं सांगतो आणि सांगावंच. पण त्याच बराकींत नंतर सिंधी कुटुंबं आली. त्यांनी कापडाची दुकानं टाकली, गांधीनगरची पेठ उभी केली. लांबून आलेल्या पाहुण्यांचं कौतुक आणि जे इथलेच झाले त्यांच्यावर विनोद, हे मला पटत नाही.

मीही हसले आहे, बाळ. माझ्या लग्नाचा बस्ता गांधीनगरात बांधला. दुकानदार काकांनी दोन तास शालू उलगडून दाखवले, आईला चहा पाजला, उरलेले पैसे लग्नानंतर द्या म्हणाले. परतताना गाडीत एका नातेवाइकानं साप आणि सिंधी यांची ती घाणेरडी म्हण काढली. सगळे हसले. मांडीवर त्याच काकांनी बांधून दिलेलं गाठोडं घेऊन मीही हसले. आज आठवलं तरी तोंड कडू होतं. तुझ्या बाबतीत तर तो विनोद तुझ्या आईवर असतो, आणि बहुतेक वेळा ती आतल्या खोलीत असते. पुढच्या वेळी हसू नको. आवाज न चढवता एवढंच म्हण, ‘काका, माझी आई सिंधी आहे.’ पुढं काही बोलायची गरज नाही.

नानीलाही तेच. ती लाडानं म्हणत असेल, पण ‘घाटी’ हा शब्द तुझ्या बाबांवर जातो. तिला सांग, मला आवडत नाही.

कुणाची, म्हणून विचारलंस. दोन्ही घरांची आहेस, आणि अर्धी-अर्धी नाहीस. लोक ‘तुमच्यात काय करतात?’ विचारतील तेव्हा दोन्हीकडचं सांग. पाडव्याला गुढी, दुसऱ्या दिवशी चेटीचंड. एकाच आठवड्यात घरी पांढरा रस्साही होतो आणि दाल-पकवानही, असं सांगायला लाज कसली?

आता एक काम कर. बायोडाटा आत्याकडं देण्याआधी नानांना फोन लाव. शिकारपूर शहरातलं घर, की जवळचं एखादं खेडं, ते नीट विचारून घे आणि ते सांगतील तसंच लिही.

– तुझी ताई