वाचक विचारतात : नेटवर्कच्या मोफत अवजारांची पेटी वाटताना

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकच आहे. नेटवर्क तपासण्याची मोफत, मुक्तस्रोत साधने एकत्र करून सहकाऱ्यांना, विद्यार्थ्यांना किंवा छोट्या संस्थांना द्यायची आहेत, ती कशी द्यावीत? आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टंकताना त्या रोमन अक्षरांत टंकाव्यात, आणि कॅपिटल असे सांगितले नसेल तिथे लहान अक्षरांत.

प्रश्न : मी पन्नासेक साधने गोळा केली आहेत. सगळी एका झिपमध्ये घालून दिली तर चालेल का?

देऊ नका. ज्याला पेटी मिळते तो बहुधा अडचणीच्या वेळी ती उघडतो, आणि पन्नास नावांसमोर गोंधळून पुन्हा पिंगच चालवतो. साधने निवडताना आधी प्रश्न लिहा आणि प्रत्येक प्रश्नाला एकच साधन ठेवा. समोरचे यंत्र उत्तर देते का : पिंग. नावावरून पत्ता सापडतो का : डिग. वाटेत गाडी कुठे अडते : एमटीआर. दोन यंत्रांमधला खरा वेग किती : आयपर्फ३. एखादे पोर्ट (यंत्रावरच्या एखाद्या सेवेचे क्रमांकित दार) उघडे आहे का : नेटकॅट. जाळ्यात कोणकोणती यंत्रे आहेत : एनमॅप. वेब सर्व्हर नेमके काय उत्तर देतो : कर्ल. तारेवरून प्रत्यक्ष काय जाते : पकडायला टीसीपीडंप आणि वाचायला वायरशार्क. एवढ्यात रोजच्या तक्रारींचा फार मोठा भाग उरकतो.

प्रत्येक साधनासोबत एक पान जोडा. त्यावर तीनच गोष्टी हव्यात : चालवायची आज्ञा, निरोगी जाळ्यात दिसणारे उत्तर, आणि बिघाड असताना दिसणारे उत्तर. निरोगी उत्तराचा नमुना लोक हमखास गाळतात, आणि मग समोर आलेले चांगले की वाईट हे पेटी वापरणाऱ्याला कळत नाही.

फरकही पानावर लिहा. विंडोजवर पिंग चार वेळा विचारून थांबते. लिनक्सवर कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालू राहते. किती वेळा विचारायचे हे लिनक्सवर -सी ने सांगतात, विंडोजवर -एन ने. लिनक्सवर -एन चा अर्थच वेगळा आहे : पत्त्यांची नावे शोधू नकोस.

प्रश्न : साधने मोफतच आहेत, मग इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घालून वाटायला परवाना कशाला बघायचा?

कारण मोफत वापरता येणे आणि पुढे वाटता येणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. विंडोजवर ही गफलत सर्वांत जास्त होते. मायक्रोसॉफ्टची सिसइंटर्नल्स साधने फुकट मिळतात, पण ती मुक्तस्रोत नाहीत आणि पुढे वाटायची परवानगी नाही. त्यांच्या अधिकृत पानाचा दुवा द्यायचा. दुसरे उदाहरण जास्त फसवे आहे. एनमॅप आणि वायरशार्क यांना विंडोजवर पॅकेट, म्हणजे जाळ्यावरून जाणारे माहितीचे तुकडे, पकडण्यासाठी एनपीकॅप हा ड्रायव्हर लागतो. त्याच्या मोफत परवान्यात पुनर्वितरणाला मनाई आहे, आणि काही अपवाद सोडले तर तो पाच यंत्रांपुरताच आहे. तो इन्स्टॉलरच्या पोटातच येतो. म्हणून विंडोजसाठी या दोन साधनांचे इन्स्टॉलर पेटीत न घालता अधिकृत दुवा आणि आवृत्ती क्रमांक घाला.

बाकीच्यांची स्थिती सोपी आहे. टीसीपीडंप आणि आयपर्फ३ बीएसडी पद्धतीच्या परवान्यात आहेत, कर्लचा परवाना एमआयटीच्या वळणाचा आहे : स्वामित्वाची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की झाले. एमटीआर आणि वायरशार्क जीपीएल (बदललेल्या प्रतीही खुल्या ठेवायला लावणारा परवाना) आवृत्ती २ मध्ये आहेत. तयार प्रोग्राम देत असाल तर त्याचा स्रोत देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. सर्वांत बिनघोर वाट म्हणजे त्याच आवृत्तीचा स्रोत-संच त्याच फोल्डरमध्ये ठेवणे. ‘स्रोत इंटरनेटवर आहे’ असे मोघम लिहून भागत नाही, आणि प्रोग्राम एका आवृत्तीचा नि स्रोत दुसऱ्या आवृत्तीचा हेही चालत नाही. एनमॅपचा स्वतःचा परवाना आहे. तो जीपीएलवर आधारलेला असला तरी त्यात जादा अटी आहेत, आणि विकायच्या उत्पादनात एनमॅप बसवायचे असेल तर वेगळा परवाना घ्यावा लागतो.

आमचा सल्ला असा की शक्य तिथे प्रोग्राम वाटूच नका, ते बसवणारी स्क्रिप्ट वाटा. लिनक्सवर एपीटी किंवा डीएनएफ, मॅकवर होमब्रू, विंडोजवर विनगेट हे पॅकेज बसवणारे प्रोग्राम भांडारातून आवृत्ती आणतात. परवान्याचा प्रश्न बराचसा सुटतो आणि अद्ययावत करण्याची आज्ञा चालवली की सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळतात. जुन्या वायरशार्कची प्रत वर्षानुवर्षे पेनड्राइव्हवर फिरत राहणे धोक्याचे आहे, कारण ते बाहेरून आलेला अनोळखी मजकूर उलगडते आणि त्या उलगडणाऱ्या भागांत वेळोवेळी त्रुटी सापडतात.

प्रश्न : बसवणारी स्क्रिप्ट माझ्याकडे नीट चालते, दुसऱ्याकडे ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून थांबते. काय चुकते?

फाइल विंडोजवर उघडून जतन झाली आहे. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे ठेवते, लिनक्स एकच. पहिल्या ओळीतल्या बॅशच्या नावाला ते जादा चिन्ह चिकटते आणि तशा नावाचा प्रोग्राम यंत्रात नसतो. डॉसटूयुनिक्स ही आज्ञा फाइलवर चालवली की तात्पुरते काम होते. कायमचा उपाय गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) करा : गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत डॉट-एसएच फाइलींसाठी ईओएल बरोबर एलएफ अशी ओळ घाला.

‘परमिशन डिनाइड’ आले तर फाइलीवरची चालवण्याची खूण गळली आहे. विंडोजवर बनवलेल्या झिपमध्ये आणि फॅट३२ पेनड्राइव्हवर ही खूण टिकत नाही. लिनक्ससाठीचा संच टारमध्ये बांधा, किंवा ‘बॅश’ लिहून पुढे फाइलीचे नाव द्यायला सांगा.

पॅकेजांची नावे सगळीकडे सारखी नसतात, हेही स्क्रिप्टमध्ये धरा. डिग हवे असेल तर डेबियनमध्ये बाइंड९-डीएनएसयूटिल्स मागावे लागते, फेडोरात बाइंड-यूटिल्स. डेबियनमध्ये एमटीआर-टायनी घेतले तर फक्त अक्षरी आवृत्ती येते. सर्व्हरवर तीच हवी, नाहीतर खिडक्या दाखवणारी सगळी लायब्ररी मागून येते. वायरशार्क बसताना मध्येच प्रश्न विचारते : सामान्य वापरकर्त्याला पॅकेट पकडू द्यायची का? स्क्रिप्ट तिथे उत्तराची वाट पाहत अडकते आणि समोरच्याला वाटते की यंत्र गोठले. डेबियन_फ्रंटएंड हे चल (नाव सगळे कॅपिटल अक्षरांत, मध्ये अधोरेषा) नॉनइंटरॅक्टिव्ह ठेवले की प्रश्न येत नाही, मूळ उत्तर ‘नाही’ धरले जाते.

विंडोजवर पॉवरशेल स्क्रिप्ट चालू देत नाही म्हणून संपूर्ण यंत्राचे धोरण सैल करायला कोणालाही सांगू नका. त्या एका वेळेपुरते एक्झिक्यूशन-पॉलिसी बायपास देऊन स्क्रिप्ट चालवता येते. धोरण वरून, म्हणजे संस्थेच्या व्यवस्थापकाने लादलेले असेल, तर तेही चालणार नाही. मग त्यांच्याशीच बोलावे लागेल.

प्रश्न : अँटिव्हायरसने नेटकॅट उडवले. संचात विषाणू आहे की काय? घेणाऱ्याला खात्री कशी द्यायची?

नेटकॅट आणि एनमॅप घुसखोरही वापरतात, म्हणून अनेक अँटिव्हायरस त्यांना ‘हॅकटूल’ वर्गात टाकतात. याचा अर्थ फाइल बाधित आहेच असा नाही, पण ती शुद्ध आहे असाही नाही. अँटिव्हायरस बंद करा असे तुमच्या पानावर कधीही लिहू नका. अनोळखी प्रोग्राम चालवण्यासाठी संरक्षण काढायची सवय लावणे हे पेटी न देण्यापेक्षा वाईट. विंडोजवर नेटकॅटची गरजही क्वचितच पडते : पॉवरशेलमधील टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेला -पोर्ट देऊन तीच तपासणी होते.

खात्रीसाठी प्रत्येक फाइलीची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ओळख, द्या. ती ६४ अक्षरांची असते. लिनक्सवर एसएचए२५६सम -सी आणि पुढे यादीचे नाव दिले की सगळ्या फाइली एकदम तपासल्या जातात, विंडोजवर गेट-फाइलहॅश. मात्र ही यादी फाइलींच्या शेजारीच ठेवली तर ती केवळ अर्धवट उतरलेली प्रत ओळखायला उपयोगी. ज्याला फाइल बदलता येते त्याला शेजारची यादीही बदलता येते. यादीवर जीपीजीची (डिजिटल सही करणाऱ्या प्रोग्रामची) सही करा आणि किल्लीचा ठसा दुसऱ्या मार्गाने, फोनवर किंवा छापील कागदावर द्या.

प्रश्न : एमटीआरमध्ये तिसऱ्या टप्प्यावर ६० टक्के गळती दिसते, पण इंटरनेट ठीक चालते. सेवादात्याकडे तक्रार करू का?

शेवटची ओळ आधी पाहा. तिसऱ्यावर ६० टक्के आणि चौथ्यापासून शेवटपर्यंत शून्य असेल तर गळती, म्हणजे पॅकेट हरवणे, नाहीच. ट्रेसरूट आणि एमटीआर पॅकेटच्या आयुष्याचा आकडा मुद्दाम लहान ठेवतात. प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो आणि शून्यावर आला की ‘इथे संपले’ असा निरोप परत पाठवतो. हा निरोप लिहिणे हे राउटरच्या मुख्य प्रोसेसरचे काम, आणि त्यावर तो मर्यादा घालतो. पुढे जाणारी पॅकेट तो वेगळ्या, जलद वाटेने पाठवतच असतो. म्हणजे तिसरा राउटर तुमचे सामान टाकत नाही, तुमच्या प्रश्नांना उत्तर देण्याचा कंटाळा करतो.

गळती तिसऱ्यावर सुरू होऊन शेवटपर्यंत साधारण तेवढीच टिकली, तर ती खरी. पण दोष तिसऱ्यावरच आहे असेही लगेच म्हणू नका. एमटीआरला दिसते ती फक्त जाण्याची वाट. उत्तर वेगळ्या वाटेने परतू शकते आणि गळती तिकडे असू शकते. म्हणून दोन्ही टोकांकडून अहवाल काढा : एमटीआर -आर -डब्ल्यू -सी १००, पुढे पत्ता. सुमारे शंभर सेकंद लागतात. दहा पॅकेटांवर निर्णय घेऊ नका, एक गळले तरी १० टक्के दिसते. मॅकवर ही आज्ञा सुडोशिवाय, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराशिवाय, चालत नाही.

सगळ्या ओळी तारांकित येऊन शेवट गाठलाच नाही, तर वाटेतली फायरवॉल ही पॅकेट अडवत असेल. लिनक्सचे ट्रेसरूट मुळात यूडीपी प्रकारची पॅकेट पाठवते, विंडोजचे ट्रेसर्ट आयसीएमपी प्रकारची. लिनक्सच्या ट्रेसरूटला कॅपिटल -टी आणि लहान -पी ४४३ देऊन टीसीपीने, म्हणजे वेब वापरते त्या प्रकारच्या पॅकेटने, प्रयत्न करा. वेबची वाट बहुतेक ठिकाणी उघडी असते.

प्रश्न : दोन्ही यंत्रांत गिगाबिट कार्ड आहे, तरी आयपर्फ३ ९४ मेगाबिट दाखवते. साधन चुकते का?

साधन अचूक सांगते आहे. ९४ हा १०० मेगाबिटच्या जोडणीचा कळस आहे. तारेवर एक पूर्ण पॅकेट १५३८ बाइट जागा घेते, त्यात तुमची माहिती १४४८. भागाकार ९४ टक्के. गिगाबिटवर हाच हिशेब ९४१ देतो.

तेव्हा जोडणी १०० वर का उतरली ते शोधा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एक तार तुटली किंवा टोकाच्या कनेक्टरमध्ये नीट दाबली गेली नाही, तर जोडणी बंद न पडता हळूच १०० वर येते. लिनक्सवर इथटूल आणि विंडोजवर गेट-नेटअडॅप्टर जोडणीचा वेग सांगतात. आधी केबल बदला, मग स्विचचे पोर्ट. मधला स्विचच १०० चा असेल तर केबल बदलून काही होणार नाही.

चाचणी करताना एका यंत्रावर आयपर्फ३ -एस, दुसऱ्यावर -सी आणि पहिल्याचा पत्ता. पोर्ट ५२०१ फायरवॉलमध्ये उघडे हवे. उलट दिशा कॅपिटल -आर ने तपासा. वाय-फायवर दोन दिशांचे आकडे बरेच वेगळे येतात. यूडीपी चाचणीत -बी ने वेग सांगितला नाही तर ती १ मेगाबिटच पाठवते, आणि ‘जाळे फारच मंद’ अशी चुकीची तक्रार तयार होते. जुने आयपर्फ २ आणि आयपर्फ३ एकमेकांशी बोलत नाहीत. संचात एकच ठेवा.

प्रश्न : पेटीतल्या एनमॅपने शिकाऊ मुलांना बाहेरचे पत्ते तपासू द्यावेत का?

नाही. स्वतःचे जाळे, किंवा ज्याच्या मालकाने लेखी होकार दिला आहे तेच. होकारात पत्त्यांचा पल्ला, तारीख आणि वेळ असावी. सरावासाठी एनमॅप प्रकल्पाने स्कॅनमी नावाचे यंत्र खुले ठेवले आहे, तिथे दिवसातून मोजकी स्कॅन चालतात. घरच्या जाळ्यात सुरुवात -एसएन ने करावी (यातला एन लहान): पोर्ट न चाचपता फक्त हजर यंत्रे कळतात. जुने प्रिंटर आणि औद्योगिक नियंत्रक पूर्ण स्कॅनने अडखळू शकतात.

प्रश्न : मी स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टही पेटीत आहेत. त्यांना कोणता परवाना द्यावा? आणि लोक मला निदानाचे निकाल पाठवू लागले तर?

परवाना लिहिलाच नाही तर कायद्याने सर्व हक्क तुमच्याकडे राहतात. कोड उघड्यावर असला तरी कोणी तो बदलून वाटू शकत नाही. छोट्या स्क्रिप्टना एमआयटी पुरेसा आहे. बदललेल्या प्रतीही खुल्याच राहाव्यात अशी इच्छा असेल तर जीपीएल आवृत्ती ३. पूर्ण मजकूर लायसन्स नावाच्या फाइलीत मुळाशी ठेवा, आणि प्रत्येक स्क्रिप्टच्या वरच्या भागात एसपीडीएक्स ओळख (परवान्याचे प्रमाणित छोटे नाव) लिहा, कारण फाइली सुट्या फिरतात.

निकालांबाबत स्क्रिप्टमध्येच काळजी घ्या. बाहेरचा आयपी पत्ता, मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे क्रमांक) आणि वाय-फायचे नाव लिहिण्याआधी झाकून टाका. टीसीपीडंपची पूर्ण पकड कोणाकडूनही मागवू नका. त्यात कुकी, न झाकलेले पासवर्ड, इतरांची देवाणघेवाण असते. -एस ९६ दिले तर प्रत्येक पॅकेटचे पहिले ९६ बाइट, म्हणजे बहुतांशी शीर्षकेच घेतली जातात. मात्र डीएनएसचे प्रश्न तेवढ्यातही वाचता येतात, म्हणून सोबत फक्त संबंधित यंत्राचा पत्ता आणि पोर्ट यांची गाळणी लावा. पकड लांबवायची असेल तर कॅपिटल -सी १०० आणि कॅपिटल -डब्ल्यू १० द्या : सुमारे शंभर मेगाबाइटच्या दहा फाइली आळीपाळीने भरत राहतील आणि डिस्क भरून यंत्र बंद पडणार नाही.