जुने मासे ठणठणीत, मग नवाच का मरतो?

खाऱ्या पाण्याच्या लहान टाकीविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांतील तक्रार एकच आहे: टाकीतले आधीचे मासे सुखरूप असताना नवा मासा काही दिवसांतच दगावतो. तिन्ही पत्रांतील मृत्यूंची कारणे मात्र वेगवेगळी दिसतात आणि मासा नेमका केव्हा मेला यावरून ती बऱ्याच अंशी ओळखता येतात. म्हणून ही पत्रे येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे ४५ लिटरची टाकी असून तिच्यात आठ महिन्यांपासून क्लाउनफिशची जोडी उत्तम राहते आहे. त्यांच्या सोबतीला मी दोनदा रॉयल ग्रामा आणला. दोन्ही वेळा पहिल्या दिवशी तो बरा वाटला, दुसऱ्या दिवशी खडकाच्या कपारीत बसून भराभर कल्ले हलवू लागला आणि तिसऱ्या दिवशी मेला. अंगावर ठिपके नव्हते, पर फाटलेले नव्हते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० आणि हायड्रोमीटरवरील विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता; मीठ वाढले की हा आकडा वाढतो) १.०२५ आहे. दर पंधरवड्याला साडेतीन लिटर पाणी बदलतो. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई शुद्ध पाण्याने करतो. फक्त पाणी बदलल्यावर बादलीत अर्धा लिटर मिठाचे पाणी उरते, ते वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी भरपाईला वापरतो. विक्रेत्याने दोन्ही वेळा आजारी मासा दिला, असे समजावे काय?

उत्तर : विक्रेत्याला दोष देण्यापूर्वी बादलीत उरणाऱ्या त्या अर्ध्या लिटरकडे पाहावे. टाकीतून जे उडून जाते ते केवळ पाणी असते. मीठ सगळे मागे राहते. त्यामुळे भरपाईसाठी घातलेल्या अर्ध्या लिटर समुद्री पाण्याबरोबर सुमारे साडेसतरा ग्रॅम मीठ टाकीत जादा जाते. वाळू आणि खडक वजा जाता आपल्या टाकीत पाणी असेल जेमतेम ३६ लिटर. म्हणजे दर पंधरवड्याला लिटरमागे अर्धा ग्रॅम मीठ वाढते. पाणी बदलताना त्या वाढीचा दहावा हिस्सा तेवढा बाहेर पडतो. हा हिशेब आठ महिने पुढे नेला, तर लिटरमागे ३५ ग्रॅमवर सुरू झालेला खारेपणा आज ३९ च्या आसपास, म्हणजे विशिष्ट गुरुत्वाच्या भाषेत १.०२९ च्या घरात असायला हवा. काटकसर वाईट नाही. पण या टाकीत ती मिठाच्या रूपाने साठत गेली आहे.

मग हायड्रोमीटर १.०२५ का दाखवतो, असे आपण विचाराल. आपला हायड्रोमीटर झुलत्या काट्याचा असावा, असे मी गृहीत धरतो. प्रत्येक वापरानंतर तो गोड्या पाण्याने धुतला नाही, तर काट्यावर क्षारांचा पातळ थर बसतो, काटा जड होतो आणि खरे असेल त्यापेक्षा कमी आकडा दाखवू लागतो. उलट काट्याला हवेचा एखादा बुडबुडा चिकटला, तर तो वर उचलला जाऊन जास्त आकडा येतो. मी स्वतः अशा काट्यावर विसंबणे केव्हाच सोडून दिले आहे. साधा रिफ्रॅक्टोमीटर (दोन थेंबांतून प्रकाश किती वळतो, त्यावरून खारेपणा दाखवणारे उपकरण) घ्यावा आणि तो केवळ शुद्ध पाण्यावर शून्य करून न थांबता, ३५ खारेपणाच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा.

आता मूळ प्रश्न. इतक्या खाऱ्या पाण्यात क्लाउनफिश ठणठणीत आणि ग्रामा तिसऱ्या दिवशी मृत, असे का घडते? समुद्री माशाच्या अंगातील द्रव समुद्राच्या पाण्यापेक्षा बराच कमी खारा, साधारण एक तृतीयांश असतो. त्यामुळे परासरणाच्या नियमाने, म्हणजे पाणी कमी खाऱ्या बाजूकडून जास्त खाऱ्या बाजूकडे जाते म्हणून, त्याच्या शरीरातले पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर ओढले जाते. पाण्यातच राहणारा हा जीव सारखा वाळत असतो, म्हटले तरी चालेल. ही तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पीत राहतो आणि त्यातून आलेले जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींच्या साहाय्याने बाहेर टाकतो. खारेपणा हळूहळू वाढला, तर या पेशी वाढवायला शरीराला सवड मिळते. आपल्या जोडीला तशी आठ महिन्यांची सवड मिळाली. ग्रामाला ती मिळाली नाही. त्यातच अनेक विक्रेते माशांच्या टाक्यांचा खारेपणा मुद्दाम कमी, १.०१८ ते १.०२० एवढाच ठेवतात, कारण त्यात परजीवींना थोडा आळा बसतो आणि मीठही कमी लागते. म्हणजे लिटरमागे २७ ग्रॅम मिठाच्या पाण्यातला मासा एका दुपारी ३९ ग्रॅमच्या पाण्यात आला, असे दोन्ही वेळा घडले असावे. अशा धक्क्याने मासा लगेच मरत नाही. एक-दोन दिवस तो तग धरतो, खाणे सोडतो, तळाशी बसून जलद श्वास घेतो आणि अंगावर कोणतीही खूण न दिसता जातो. आपण लिहिलेला क्रम याच्याशी तंतोतंत जुळतो.

टाकीच्या पाण्याची तपासणी चांगली आली, की नव्या माशाची सोय झाली, असा समज सर्वत्र आहे. परंतु तो मासा कोणत्या पाण्यातून येतो आहे, हे टाकीच्या पाण्यावरून कळत नाही. पिशवी उघडताक्षणी तिच्यातले दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून पाहणे, हे मला इतर सर्व तपासण्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते, आणि नेमके तेच आपल्या पत्रात नाही.

टाकीचा खारेपणा एकदम उतरवू नये. एक दिवसाआड १ लिटर पाणी काढून तितकेच शुद्ध पाणी घालावे. आपल्या टाकीत प्रत्येक वेळी लिटरमागे सुमारे १ ग्रॅमची घट होईल आणि आठवड्याभरात काम होईल. पुढचा मासा थेट टाकीत न सोडता हीटर, हवेचा पंप आणि लपायला प्लास्टिकच्या नळीचा तुकडा ठेवलेल्या वेगळ्या भांड्यात, पिशवीइतक्याच खारेपणाच्या पाण्यात सोडावा आणि त्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व रोज ०.००१ ने वाढवत नेऊन मुख्य टाकीशी जुळवावे. त्या भांड्यासाठी लागणारा स्पंज काही आठवडे आधीच मुख्य टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवला, तर अमोनिया पचवणारे जीवाणू त्यावर तयार असतात.

नवा मासा खात नाही म्हणून काळजीने पुन्हा पुन्हा खाद्य टाकणारे अनेक जण भेटतात. ४५ टक्के प्रथिने असलेले १ ग्रॅम कोरडे खाद्य न खाता पूर्ण कुजले, तर त्यातून सुमारे ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन सुटतो. जीवाणूंनी तो वेळेवर पचवला नाही, तर ३६ लिटर पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅम होते आणि ते समुद्री माशांना धोकादायक आहे. हेच १ ग्रॅम खाद्य ३६० लिटरच्या टाकीत पडले असते, तर आकडा ०.२ वर राहिला असता.

क्लाउनफिशच्या जोडीने त्रास दिला असण्याची शक्यता पर शाबूत असल्यामुळे मला कमी वाटते. तरीही मासा सोडताना दिवे बंद ठेवावेत आणि दोन-चार दगड हलवावेत, म्हणजे जुन्यांनाही आपली हद्द नव्याने ठरवावी लागते.

प्रश्न : माझा गोबी मासा दूरच्या विक्रेत्याकडून आला आणि पिशवीत २६ तास होता. घाई नको म्हणून मी पिशवी उघडून, नळीने टाकीचे पाणी थेंब-थेंब सोडत तीन तास घालवले. मासा त्या पिशवीतच आडवा पडू लागला आणि टाकीत सोडल्यावर त्याच रात्री मेला. एवढी काळजी घेऊनही असे का झाले?

उत्तर : येथे मासा काही तासांतच गेला आहे, त्यामुळे संशय पिशवीतल्या अमोनियाकडे जातो. बंद पिशवीत माशाची विष्ठा आणि श्वास दोन्ही साचतात. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा पीएचचा आकडा) ७ च्या आसपास किंवा त्याहीखाली उतरतो आणि कमी सामूमध्ये अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी अशा अमोनियम रूपात राहतो. म्हणजे माशाला घुसमटवणारा वायूच त्याला विषापासून वाचवत असतो. पिशवी उघडली, की तो वायू निघून जातो. वरून आपण ८.२ सामूचे पाणी थेंब-थेंब घालता, त्यामुळे तोच साचलेला अमोनिया विषारी रूपात येतो. सामू ७ वरून ८.२ झाला, की विषारी रूपाचा वाटा सुमारे पंधरापट होतो. आपला गोबी तीन तास नेमका त्या पाण्यात होता. दुकान जवळ असेल आणि मासा पिशवीत तासभरच असेल, तर हा धोका नगण्य असतो. थेंब-थेंब पद्धतीची शिफारस मुळात तेवढ्यापुरतीच योग्य आहे.

दूरवरून आलेली पिशवी न उघडता वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळते. कोणत्या खारेपणाच्या पाण्यात मासे ठेवता, हे विक्रेत्याला आधीच विचारून त्याच खारेपणाचे पाणी वेगळ्या भांड्यात तयार असावे. पिशवी उघडल्यावर खारेपणा मोजावा, भांड्यातला आकडा जास्त निघाला तर शुद्ध पाण्याने तो लगेच खाली आणावा आणि मासा ओंजळीत किंवा लहान भांड्यात घेऊन सोडावा. पिशवीतले पाणी मात्र टाकून द्यावे. खारेपणातली घट मासे वाढीपेक्षा पुष्कळच सहज सोसतात, म्हणून चूक झालीच तर ती कमी खारेपणाच्या बाजूने व्हावी. कोळंबी, गोगलगाय, तारामासा यांना हा नियम लावू नये. त्यांना घटही सोसत नाही.

त्या रात्री पंप चालू होता की नाही, हे आपण लिहिलेले नाही. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर समुद्राच्या पाण्यात साधारण ६.७. अमोनियाने कल्ले पोळलेल्या माशाला ही कमतरता अधिकच जाणवते. त्यामुळे पहिल्या रात्री पाण्याचा पृष्ठभाग खळखळता ठेवावा.

प्रश्न : नवा मासा चार दिवस चांगला खात होता. पाचव्या दिवशी तो पंपाच्या प्रवाहासमोर उभा राहू लागला, प्रकाश टाळू लागला आणि बाजूने पाहिल्यावर अंगावर पिठीसारखी सोनेरी धूळ दिसली. सातव्या दिवशी तो मेला. टाकीत कोळंबी आणि प्रवाळ आहेत. पाणी बदलून पुढचा मासा आणावा काय?

उत्तर : आणू नये. हे वर्णन अमायलोओडिनियम या परजीवीचे आहे; हौशी लोक त्याला मरीन वेल्व्हेट म्हणतात. माशावर पोसलेला परजीवी तळाशी पडतो, विभागत जातो आणि त्याच्या एका पेशीतून २५६ पर्यंत पोहणारी पिल्ले निघू शकतात. समुद्रात त्यातल्या बहुतेकांना मासा सापडत नाही. लहान टाकीत मात्र मासा हातभर अंतरावरच असतो, म्हणून येथे हा रोग दिवसांत जीव घेतो. धूळ दिसेपर्यंत कल्ल्यांचे नुकसान झालेले असते. पाणी बदलून तो जात नाही, कारण वाळूतले परजीवी जागेवरच राहतात.

उरलेले मासे आजच वेगळ्या भांड्यात काढावेत आणि तांब्याच्या औषधाचा उपचार तेथेच, तांबे मोजण्याचा संच हाताशी ठेवून करावा. मुख्य टाकीत ते औषध एक थेंबही जाऊ देऊ नये. कोळंबी आणि प्रवाळ मरतील आणि खडकात मुरलेले तांबे पुढेही पाण्यात उतरत राहील. ती टाकी किमान सहा आठवडे माशांविना चालू ठेवावी. कोळंबीला हा रोग होत नाही, त्यामुळे ती तेथेच राहू द्यावी. दोन्हीकडे वेगवेगळी जाळी वापरावी आणि एकीकडे हात घातल्यावर तो धुऊन, पूर्ण कोरडा करूनच दुसरीकडे घालावा.