‘पेशंट सहकार्य करत नाही’

प्रिय,

वॉर्डात उपयोगी पडेल म्हणून वेगवेगळ्या समाजांच्या चालीरीतींची वही करतेयस, हे वाचून हसू आलं. मीही केली होती. त्या वहीतला माणूस मला अजून भेटायचाय.

एक बाई भेटल्या त्या मात्र लक्षात आहेत. साखर फार वाढलेली, तरी इन्सुलिनला नकार. केसपेपरवर शेरा: ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ त्यांची भाषा मला येत नव्हती, म्हणून सोबतचा मुलगाच दुभाषी. ‘इन्सुलिनची भीती वाटते का?’ असं मी विचारलं. बाई बराच वेळ बोलल्या, मध्येच डोळे पुसले. मुलगा म्हणाला, ‘‘नाही म्हणतेय.’’

दुसऱ्या दिवशी बाहेरचा दुभाषी मिळवला आणि मुलाला चहाला पाठवलं. थोरल्या बहिणीला इन्सुलिन सुरू झालं नि दोन महिन्यांत ती गेली, असं निघालं. बाईंच्या लेखी ते शेवटचं इंजेक्शन. पोटच्या पोराच्या तोंडून हे कसं वदवणार?

मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच यासाठी साधे प्रश्न सुचवलेत: तुमच्या मते हा त्रास कशामुळे झाला? तेव्हाच का सुरू झाला? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, तर अशी १६ प्रश्नांची मुलाखतच आहे. पाठ कर, पण कागद हातात धरून विचारू नकोस; माणसं चौकशी समजतात.

प्रश्नावल्यांचं नुसतं भाषांतर करून भागत नाही, हेही बघ. झिंबाब्वेतल्या शोना भाषेत मनाच्या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. ‘उदास वाटतं का?’ला नाही म्हणणारा माणूस ‘विचार थांबत नाहीत का?’ला लगेच मान डोलावू शकतो.

आणि आपलं अर्धं काम डॉक्टरांपाशी असतं, हे मला फार उशिरा कळलं. बाईंना विचारून बहिणीची गोष्ट डॉक्टरांना सांगितली. ‘‘मग आधी का नाही बोलल्या?’’ ते वैतागले. कुणी विचारलंच नव्हतं, असं मी म्हणाले, जरा फटकळपणेच. पण संध्याकाळी ते स्वतः खुर्ची ओढून बसले. बहिणीचा आजार इन्सुलिन सुरू होण्याआधीच किती पुढे गेला असावा, ते दुभाष्यामार्फत सावकाश समजावलं.

बाईंनी त्या दिवशीही होकार दिला नाही. चौथ्या दिवशी मला विचारलं, ‘‘सुई केवढी असते?’’