परफॉर्मन्स गाडीत पेट्रोल कोणतं टाकावं? साधं, ९५ की १००?

तुमचा प्रश्न असा आहे: सांगलीत राहता, सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस २४५ घेतली आहे. साधं पेट्रोल चालेल का, ९५ टाकावं, की पुण्याला गेल्यावर १०० भरून यावं? आणि १०० टाकल्यावर पिकअप वाढतो असं मित्र म्हणतात, ते खरं का?

गाडी कंपनीच्याच सेटिंगवर असेल तर टाकीच्या झाकणामागच्या स्टिकरवर जो आकडा आहे तेवढं पेट्रोल टाका, त्याच्या वर पैसे घालण्याची एरवी गरज नाही. पण ही आरएस आहे आणि सेकंडहँड आहे, म्हणून आधी ती रिमॅप केलेली आहे का (जास्त पॉवरसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदललाय का) हे शोधून काढा. ते कळेपर्यंत पेट्रोलचा निर्णय घेऊ नका. साताऱ्यात माझं गॅरेज आहे, जास्त काम टर्बो पेट्रोल गाड्यांचंच असतं. आपल्या भागात या विषयावर ऐकीव माहितीच जास्त फिरते आणि त्यापायी चांगली इंजिनं खराब होताना बघितली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. १०० ऑक्टेनच्या लिटरभर पेट्रोलमध्ये साध्यापेक्षा जास्त ऊर्जा भरलेली नसते. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं तसं ते तापतं. प्लगने ठिणगी टाकली की ज्योत तिथून पसरत जाते, आणि लांबच्या कडेला जे मिश्रण अजून जळायचं असतं ते आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. ज्योत पोचायच्या आधीच ते स्वतःहून भडकलं की झालं नॉकिंग. त्या धक्क्याने पिस्टनवर वायूचा जो पातळ थर असतो तो विस्कटतो, उष्णता थेट धातूत शिरते, आणि हेच चालू राहिलं तर पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो. असं न भडकता दाब आणि उष्णता सोसण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. १९२० च्या दशकात ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी सुचवली: आयसो-ऑक्टेनला १००, नॉर्मल हेप्टेनला ०. आजही एका सिलिंडरच्या खास इंजिनवर पेट्रोल चालवून, या दोन द्रवांच्या मिश्रणाशी ताडून आकडा काढतात.

आता तुमच्या मित्रांचं म्हणणं. स्प्लेंडरमध्ये किंवा साध्या स्विफ्टमध्ये १०० टाकलं तर काहीही वाढत नाही, कारण त्या इंजिनला तेवढ्याची गरजच नाही. आरएसचं तसं नाही. तिच्या इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) साडेनऊच्या आसपास आहे, कागदावर साधंच. पण टर्बो आधीच दाबलेली हवा आत ढकलतो, त्यामुळे सिलिंडरमधला खरा दाब कितीतरी जास्त असतो. २४५ पीएस आणि ३७० न्यूटन मीटर टॉर्क २ लिटरमधून काढायचा तर तो दाब लागणारच. अशा इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. नॉकिंगचा थरथराट जाणवला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश उशिरा टाकतो, गरज पडली तर बूस्टही (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी करतो. इंजिन वाचतं, पण पॉवर जाते. अशा वेळी चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं की ईसीयू ठिणगीचं टायमिंग परत पुढे घेतो आणि गेलेली पॉवर परत येते. मित्रांना जो पिकअप जाणवतो तो हा. कंपनीने मॅपमध्ये (ईसीयूच्या प्रोग्रॅममध्ये) ठरवलेल्या मर्यादेच्या पुढे मात्र तो जात नाही, मग टाकीत १०० असो की आणखी काही.

स्टिकर वाचताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडे आणि युरोपात लिहितात तो आकडा रॉन, म्हणजे ऑक्टेन मोजायच्या एका चाचणीचा. अमेरिकेत पंपावर रॉन आणि मॉन या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, ती चार-पाच आकड्यांनी कमी दिसते. म्हणजे अमेरिकन व्हिडिओत कोणी "किमान ९१ वापरा" म्हणत असेल तर ते आपलं साधारण ९५-९६ झालं. यात फसून ९१ चालतंय असं धरून बसणारे खूप आहेत. युरोपियन टर्बो गाड्यांवर सहसा ९५ किंवा ९८ दिसेल. ९८/९५ असं असेल तर ९८ ला पूर्ण पॉवर, ९५ चालेल पण पॉवर किंचित कमी, असा त्याचा अर्थ.

मग साधं पेट्रोल किती ऑक्टेनचं? पूर्वी ९१ होतं. आता पंपावर ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशाप्रमाणे त्याचं रॉन ९५ आहे. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या वर असतं, शिवाय वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा खूप जास्त उष्णता शोषतं आणि सिलिंडर थंड ठेवतं. म्हणजे निव्वळ नॉकिंगचा विचार केला तर आपल्या कृष्णाकाठच्या उसाचं इथेनॉल तुमच्या टर्बो इंजिनच्या बाजूनेच आहे. ई२० ला सरसकट शिव्या देणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं. त्याची अडचण दुसरीकडे आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा जवळपास एक तृतीयांशाने कमी, म्हणून ई२० मध्ये शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते आणि अ‍ॅव्हरेज पडतं. आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबरी पाइप, सील, पंप ई२० धरून बनवलेले असतीलच असं नाही. तुमची गाडी २०२० ची, युरोपात ई१० वर (१० टक्के इथेनॉल) चालणाऱ्या गाडीचीच बहीण. तेव्हा ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

पंपावर "प्रीमियम" लिहिलंय म्हणून ऑक्टेन जास्त असेलच असंही धरू नका. काही प्रीमियम पेट्रोलमध्ये मुख्यतः इंजेक्टर साफ ठेवणारी द्रव्यं असतात. डायरेक्ट इंजेक्शनला (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांना) ती उपयोगी आहेत, पण त्याने ऑक्टेन वाढत नाही. मशीनवर आकडा छापलेला असतो, तो वाचा. आणि पंप चालता असावा. महागडं पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहणाऱ्या पंपापेक्षा हायवेवर दिवसभर गाड्यांची रांग असलेला पंप बरा.

आता मुख्य गोष्ट. आरएस २४५ भारतात फक्त २०० आल्या, त्या हौशी लोकांनीच घेतल्या, आणि हौशी माणूस रिमॅप केल्याशिवाय सहसा राहत नाही. रिमॅप झाली असेल तर झाकणावरचा आकडा निरुपयोगी. ट्यूनरने (रिमॅप करणाऱ्याने) फाइल, म्हणजे नवा प्रोग्रॅम, ९५ साठी लिहिली, ९८ साठी लिहिली की १०० साठी, त्यावर सगळं अवलंबून. पहिल्या मालकाला सरळ विचारा, बिल मागा. तो "स्टॉक आहे" (कंपनीच्याच सेटिंगवर) म्हणाला तरी तपासून घ्या. विकण्याआधी मूळ फाइल परत टाकली असेल तर हरकत नाही, पण कधी कधी ती टाकायची राहून जाते.

तपासायचं असं. व्हीसीडीएस किंवा तसला एखादा चांगला स्कॅनर जोडायचा, आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग रिटार्ड (ठिणगी किती अंश उशिरा पडते ते), बूस्टचा दाब आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान रेकॉर्ड करत चढाला गाडी चालवायची. शेजारी दुसरा माणूस हवा, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. आम्ही वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट वापरतो, सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना. लांब चढ असल्यामुळे इंजिनवर लोड टिकून राहतो. एखाद्या सिलिंडरला मधूनच एक-दोन अंश रिटार्ड दिसला तर ते नेहमीचं आहे, ईसीयू मर्यादा चाचपत असतो. चारही सिलिंडर एकदम पाच-सहा अंश मागे जाऊन तिथेच राहत असतील तर पेट्रोल कमी पडतंय किंवा फाइल जास्त आक्रमक आहे. एकच सिलिंडर सतत मागे असेल तर पेट्रोलवर खापर फोडू नका. तो प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा साठलेला कार्बन बघा. आणि बूस्ट कंपनीच्या आकड्याच्या बराच वर दिसला तर गाडी रिमॅप आहे, मग कोणी काहीही सांगो.

त्याच दिवशी प्लग काढून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. प्लगच्या टोकाचं चिनी मातीचं आवरण (पोर्सेलीन) फिकट तपकिरी असेल तर उत्तम. त्यावर मिरपूड सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके असतील तर इंजिन नॉक करत आलंय. भिंगाखाली त्यात चकचकीत कण दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे, गाडी तिथेच थांबवा आणि कॉम्प्रेशन तपासा. पोर्सेलीनवर लालसर विटकरी थर दिसला तर आधीच्या मालकाने बाटलीतला ऑक्टेन बूस्टर ओतलेला असणार. त्यातल्या मँगेनीज किंवा लोखंडाच्या संयुगांची ती खूण, आणि तीच ऑक्सिजन सेन्सरवरही बसते. बाटलीवर "३० पॉइंट वाढतात" असं लिहिलेलं असतं, पण १० पॉइंट म्हणजे १ ऑक्टेन. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक सांगायलाच हवं, कारण ते पेट्रोल बदलून सुटत नाही. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात उसाच्या किंवा सिमेंटच्या ट्रकमागे गाडी रेंगाळते. डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) डी मध्ये असेल तर वरचा गिअर धरून १५०० आरपीएमच्या आसपास फिरत राहतो. समोर जागा दिसली की आपण पाय दाबतो, टर्बो पूर्ण बूस्ट देतो आणि इंजिनचे फेरे अजून कमीच असतात. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनला हीच सगळ्यात वाईट वेळ. ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि ते नॉकिंगपेक्षा कितीतरी घातक असतं. त्याचा संबंध ऑइलच्या थेंबांशी आणि कार्बनशी जास्त आहे, ऑक्टेनशी कमी. घाटात गाडी एस (स्पोर्ट) मध्ये टाका किंवा पॅडलने दोन गिअर खाली घ्या, मग पाय द्या. ऑइल कंपनीच्या मान्यतेचंच, आणि शक्यतो एपीआय एसपी या अमेरिकन ऑइल-मानकाच्या दर्जाचं. त्या दर्जात या त्रासाची चाचणी समाविष्ट आहे. ऑइलमध्ये पैसे वाचवून १०० ऑक्टेनवर उधळणारे बघितले की जीव तुटतो.

तर तुमच्यासाठी. गाडी स्टॉक निघाली आणि झाकणावर ९५ असेल तर रोजच्या सांगली-मिरज फेऱ्यांना चालत्या पंपावरचं ९५ पुरे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापलेला असतो, तेव्हा लांब प्रवासाला किंवा महाबळेश्वरला चढायचं असेल तर एक पायरी वरचं टाका. तिथे फरक खरोखर जाणवतो. थंडीत नाही टाकलं तरी चालेल.

९८ साठी रिमॅप केलेली निघाली तर मी मिश्रण सुचवतो. इंडियन ऑइलने एक्सपी१०० हे १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये पुणे-मुंबईसह निवडक शहरांत आणलं. त्यात इथेनॉल नसतं, आणि किंमत साध्याच्या जवळजवळ दीडपट. अर्धी टाकी ते आणि अर्धी टाकी ई२० केलं की ऑक्टेन साधारण ९७-९८ ला येतं आणि इथेनॉल १० टक्क्यांवर, म्हणजे गाडी ज्यासाठी बनली त्याच्या अगदी जवळ. पूर्ण टाकी १०० ची भरण्यापेक्षा हे खिशाला परवडतं. १०० साठीचीच फाइल असेल आणि तुमच्या जवळच्या पंपावर ते मिळत नसेल, तर कॅनमध्ये भरून घरी आणण्याचा विचारसुद्धा करू नका. त्याच ट्यूनरकडून ९५ ची फाइल टाकून घ्या. दहा-पंधरा पीएस जातील, इंजिन राहील.

पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी जवळपास भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतून पाणी सुटतं आणि इथेनॉल ते ओढून घेतं. पाणी फारच झालं तर इथेनॉल पाण्यासकट तळाला बसतं, आणि वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन घसरतं. झाकणावर नेमकं काय लिहिलंय आणि पहिला मालक काय म्हणाला ते खाली लिहा. लॉग काढलात तर चारही सिलिंडरचे आकडे टाका, बघून सांगतो.